छंद गाड्यांचा, दोष थिनरचा

खेळण्यातल्या मोटारींवर आरोग्याच्या सदरात लिहिण्याजोगे ते काय असणार, असे काही वाचकांना वाटेल. पण गेल्या वर्षभरात या एका छंदाची तक्रार घेऊन माझ्याकडे जितके लोक आले, तितके पतंगाच्या मांज्याची घेऊनही आले नाहीत. कोणी सांगतो, मुलगा दहावीला आहे आणि करंगळीएवढ्या गाड्या खोलत बसतो. कोणाचे वडील सेवानिवृत्त झाल्यापासून सनबोर्डाची एस.टी. बस बनवत रात्री अकरापर्यंत जागतात, त्यांच्या डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना, अशी सुनेला शंका. या सगळ्यांना मी एकच प्रश्न उलट विचारतो : हे काम घरात कुठे चालते? उत्तर बहुधा एकच येते. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, नाहीतर दार लावून झोपायच्या खोलीत. आजचा लेख त्या बंद दाराविषयी आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खऱ्या मोटारीची प्रत ठरलेल्या प्रमाणात लहान करून बनवायची, याला स्केल मॉडेल म्हणतात. आपली अँबॅसिडर सुमारे सव्वाचार मीटर लांब. ती चोविसाव्या हिश्शाने केली की अठरा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभराहून थोडी कमी होते. चौसष्टाव्या हिश्शाने केली तर सात सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, शर्टाच्या खिशात मावते. ब्रिटनमध्ये १९५३ साली मॅचबॉक्सच्या आणि अमेरिकेत १९६८ साली हॉट व्हील्सच्या छोट्या धातूच्या गाड्या निघाल्या, त्या याच जातीच्या. त्याआधी १९५८ साली एएमटी या अमेरिकन कंपनीने प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेले असे संच काढले की एकाच पेटीतून तीन तऱ्हांची मोटार बनवता यावी. कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनासारखी सजवलेली. 'आपल्या मनासारखी' ही गोष्ट मुलांना फारच आवडली, आणि छंदाला जोर आला तो तिथून.

आपल्या गावात असे संच सहसा मिळत नाहीत आणि मागवले तर परवडत नाहीत. म्हणून आपली मुले दुसरा मार्ग काढतात. दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळणारी धातूची छोटी गाडी घ्यायची. तळाचा रिव्हेट बारीक ड्रिलने पोखरून वरचा सांगाडा सुटा करायचा. मूळ रंग खरवडायचा, अस्तर लावायचे, नवा रंग द्यायचा, दुसऱ्या गाडीची चाके बसवायची, जमल्यास पुढे दोन एलईडी दिवे लावायचे. मोबाईलवर हे सारे करून दाखवणाऱ्या चित्रफिती असंख्य आहेत. मोठी माणसे बहुधा सनबोर्ड, पुठ्ठा आणि पत्रा घेऊन सुरुवातीपासून गाडी घडवतात. आपल्याकडे त्यात एस.टी.चा मान पहिला. अकरा मीटरची बस धरली तर चोविसाव्या हिश्शाने ती साधारण शेहेचाळीस सेंटिमीटरची होते, आणि तिच्यात आसने, कॅरियर, शिडी, पाटी सगळे बसवता येते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून या बसने आपल्या दोन-तीन पिढ्यांना शाळेत, बाजारात आणि सासरी पोहोचवले आहे. तिची प्रतिमा करावीशी वाटणे मला तरी स्वाभाविक वाटते.

मी स्वतः या छंदाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर एक काळी अँबॅसिडर आहे. ती माझ्याकडे रक्तदाब तपासायला येणाऱ्या एका निवृत्त वाहनचालकाने केलेली आहे. तीस वर्षे त्यांनी सरकारी कचेरीत तशीच गाडी चालवली. २०१४ साली अँबॅसिडरचे उत्पादन बंद झाले, पुढे तेही निवृत्त झाले. पहिले वर्षभर त्यांना झोप येत नसे, भूक नसे, आणि दर आठवड्याला छातीत नवी कळ येई. कार्डिओग्राम प्रत्येक वेळी चांगला. मग केव्हातरी त्यांनी नातवाची मोडकी गाडी दुरुस्त करायला घेतली आणि त्यातून हे सुरू झाले. त्यांच्या झोपेच्या गोळीचे श्रेय मी सगळे गाड्यांना देणार नाही, पण गोळी सुटली हे खरे. सकाळी उठल्यावर करायला काहीतरी अपुरे राहिलेले असणे, ही माणसाला फार मोठी गरज असते. ज्याचे दिवसभराचे काम एका तारखेला थांबते त्याला ती लवकर कळते.

हा माझा एकट्याचा अनुभव आहे असेही नाही. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात सोळा देशांतील पासष्ट वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आढळली, आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी समाधान अधिक. आता छंदामुळे मन चांगले राहते, की मन चांगले असते तोच माणूस छंद धरतो, हे अशा अभ्यासातून पुरते ठरत नाही. पण एक गोष्ट मी रोज पाहतो. संधिवाताने किंवा नुसत्या वयाने बोटे आखडू लागलेल्या माणसाला 'हाताचे व्यायाम करा' असे सांगितले तर तो चार दिवस करतो. त्याच्या हाती चिमटा आणि गव्हाच्या दाण्याएवढा आरसा दिला तर तो दोन तास विसरून बसतो.

मुलांच्या बाबतीत तर मला पालकांचेच नवल वाटते. मुलगा तीन तास मोबाईलवर लढाया खेळला तर घरात कोणाला काही वाटेनासे झाले आहे. तोच मुलगा तीन तास एक दार बिजागरीवर बसवण्यासाठी झटला तर 'वेळ वाया घालवतोस' म्हणून बोलणी खातो. मोजमाप, प्रमाण, रंगाचे थर वाळेपर्यंत थांबणे, बिघडले तर पुसून पुन्हा करणे, हे त्याला शिकवणीच्या वर्गात कोण शिकवणार आहे?

तेव्हा छंद चांगला. आता दाराआडचे सांगतो.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली. सहा आठवडे रोज सकाळी डोके दुखत होते, मळमळत होते, शाळेत झोप येत होती. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता. अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या होत्या. एका ठिकाणी मेंदूचा स्कॅन सांगितला होता आणि वडील पैशाची जुळवाजुळव करत होते. मुलाच्या नखांच्या कडांना मला निळा रंग दिसला.

"काय रे, हे काय रंगवतोस?"

"गाड्या, डॉक्टरकाका."

"कुठे?"

"आमच्या खोलीत. रात्री अभ्यास झाल्यावर."

"आणि वाळत कुठे ठेवतोस?"

"पलंगाखाली. ताईची मांजर पाडते ना."

गॅरेजमधून आणलेला रंग, त्यात अर्धाअधिक थिनर, डास येऊ नयेत म्हणून बंद केलेली खिडकी आणि वाळत ठेवलेल्या चार गाड्यांवर रात्रभर झोपलेला मुलगा. त्याला मी तीन आठवडे गाड्या आणि थिनर गच्चीवरच्या खोलीत ठेवायला सांगितले. पाचव्या दिवशी डोके थांबले. स्कॅन करावा लागला नाही. (सकाळच्या प्रत्येक डोकेदुखीचे कारण असे सोपे नसते. सोबत उलट्या, दिसण्यात फरक किंवा तोल जाणे असेल तर तपासणी पुढे ढकलू नये.)

थिनर म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जे मिळते ते एक द्रव्य नसून अनेक द्रावकांचे मिश्रण असते. त्यात बहुधा टोल्युइन असते. त्याचा वास गोडसर असतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत नाकाला त्याची सवय होऊन तो जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वाफ गेली, अशी समजूत होते ती यामुळे. ही वाफ श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. थोडी गेली तर डोके जड होणे, गरगरणे, चिडचिड. पुष्कळ आणि वारंवार गेली तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत, साऱ्यांनाच इजा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या जमिनीलगत साठतात. परदेशी चित्रफितीतला गृहस्थ उंच टेबलाशी खुर्चीत बसून रंगवत असतो. आपण सतरंजीवर मांडी घालून बसतो, म्हणजे नाक नेमके तिथेच. डोक्यावरचा पंखा ती वाफ बाहेर काढत नाही, खोलीतच फिरवतो. आणि जमिनीलगत आणखी काय असते? देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल. थिनरची वाफ खोलीच्या एका टोकाची असली तरी दुसऱ्या टोकाच्या ज्योतीवर पेट घेऊ शकते.

करोनानंतर घरोघरी मास्क आले आहेत आणि मुलांना वाटते की एन-९५ लावला म्हणजे झाले. तो धुळीचे कण अडवतो. वाफ त्यातून सरळ आत येते. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला वेगळा मास्क लागतो, आणि तोही उघड्या हवेला पर्याय नाही. ओसरी, अंगण, गच्ची, यांतले एक तरी आपल्या गावातल्या बहुतेक घरांना आहे. रंगकाम तिथेच करावे, आणि गाडी किमान एक दिवस तिथेच वाळू द्यावी. मांजरीसाठी वर पाटी झाकावी.

इथे मला थोडे जपून लिहावे लागणार आहे, आणि का ते सांगतो. अशा वाफांची नशा होते. आपल्याकडे रस्त्यावरची आणि शाळेतलीही काही मुले तिच्या नादी लागलेली मी पाहिली आहेत. पण ती कशाने करतात, कशी करतात, हे मी या स्तंभात लिहिणार नाही. त्यामागे अमेरिकेतला एक अनुभव आहे, आणि तो याच छंदाशी जोडलेला आहे. तिथे मॉडेलचे भाग जोडण्याचा जो डिंक मिळे त्यात टोल्युइन असे. १९५९ साली डेन्व्हर शहरातील एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मुले हा डिंक हुंगतात असा सविस्तर लेख आला. मग दुसऱ्या पत्रांत आला, मग पोलिसांच्या धाडी, मग त्यांच्या बातम्या. एडवर्ड ब्रेचर या लेखकाने १९७२ साली मादक द्रव्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात या प्रकरणाचा माग काढला आहे. त्याचे म्हणणे असे की मूळ प्रकार अगदी थोड्या मुलांपुरता होता आणि भीती घालणाऱ्या बातम्यांनीच तो देशभर नेला. ज्या मुलाच्या स्वप्नातही नव्हते त्याला कसे करायचे ते छापून मिळाले. पुढे गावोगाव अल्पवयीनांना डिंक विकण्यावर बंदी आली. साठच्या दशकाच्या अखेरीस टेस्टर्स या कंपनीने आपल्या डिंकात मोहरीचा झोंबणारा अर्क मिसळला. मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो तोच. तो उपाय मला बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. जोडणाऱ्याला त्रास नाही, हुंगणाऱ्याला नकोसा.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. मुलाच्या हातात थिनरची बाटली दिसली म्हणून तो व्यसनी झाला असे समजू नका आणि गाड्या फेकून देऊ नका. ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल. गाड्या तयार होत आहेत का, ते पाहा. दर महिन्याला दोन-तीन गाड्या पूर्ण होऊन फळीवर लागत असतील तर थिनर रंगात जात आहे. थिनर संपतो आहे आणि गाडी एकही पुरी होत नाही, तोंडाभोवती पुरळ आहे, कपड्यांना सतत वास आहे, मुलगा एकटाच दार लावून बसतो आणि बाहेर आला की बोलणे अडखळते, असे असेल तर मात्र थांबू नये. मारहाण, शेजाऱ्यांसमोर उलटतपासणी, यांतले काही करू नये. थेट डॉक्टरांकडे आणावे. ही नशा हळूहळू मारते एवढेच नाही. हृदयाची लय एकाएकी बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू आल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत.

थिनरचाच आणखी एक प्रश्न, आणि याबाबत मला दुकानदारांशी भांडायचे आहे. आपल्या बाजारात थिनर सुटा मिळतो. पन्नास रुपयांचा मागितला की पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळतो. त्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. दिसायला पाणी. ती बाटली घरी फळीवर, मग खिडकीत, मग उन्हातून खेळून आलेल्या लहान भावंडाच्या तोंडाला. रॉकेलच्या बाबतीत हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे, रॉकेल गेले आणि त्याच्या जागी थिनर आला. असे काही घडल्यास उलटी काढायला लावू नका. मिठाचे पाणी नको, घशात बोट नको. गिळताना पोटात गेलेला थिनर उलटीबरोबर फुफ्फुसात शिरतो आणि खरा धोका तिथे आहे. मूल खोकू लागले, श्वास जोरात चालू लागला तर एक मिनिटही घालवू नका. खोकला नसला तरी रुग्णालयात न्या, बाटली बरोबर घ्या. आणि दुकानदारांनी, गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, पिण्याच्या बाटलीत थिनर भरून देणे बंद करावे. शंभर मिलिलिटरचे बंद डबे मिळतात, ते ठेवावेत.

रंग खरवडण्याविषयी. धातूच्या गाडीचा मूळ रंग काढायला मुले पेंट रिमूव्हर वापरतात. त्यात मेथिलिन क्लोराइड असू शकते. हे द्रव्य शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या माणसाला जो वायू मारतो, तोच. अमेरिकेत २०१९ साली घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये त्याला बंदी झाली. आपल्याकडे डबा घेताना त्याचे नाव वाचावे, आणि असेल तर मुलाच्या हाती देऊ नये. काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. तो सोड्यावर पाणी ओतून करू नये, उसळतो. पाण्यात थोडा थोडा सोडा टाकावा, आणि हे काम मोठ्या माणसाने चष्मा लावून करावे. डोळ्यात शिंतोडा गेलाच तर आधी नळ, मग डॉक्टर. निदान वीस मिनिटे पापणी उघडी धरून पाण्याची धार. आमच्याकडे धावत येण्यात ती वीस मिनिटे गेली तर आम्हीही फारसे काही करू शकत नाही.

घासताना वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, कोरडे नको. जुन्या डब्यांतल्या रंगात, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगीत, शिसे असण्याचा संभव असतो. २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत नव्वद भाग इतकी खाली आणली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. पण आजोबांच्या वेळचा माळ्यावरचा डबा काही नियम वाचत नाही. आणि घासून झाल्यावर हात न धुता भेळ खाऊ नये, हे मुलांना सांगण्यात अर्थ आहे की नाही कोण जाणे, पण सांगावे.

इतका धोका असेल तर रंगवायचेच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला सोपा पर्याय आहे. स्टेशनरीच्या दुकानात पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग मिळतात. त्यांना थिनर लागत नाही, ब्रश पाण्याने धुता येतो. धातूवर थेट लावले तर निघतात हे खरे, म्हणून आधी अस्तराचा एक पातळ हात द्यावा, तेवढाच अंगणात. पुढचे सारे घरात बसून करता येते. मुले कुरकुर करतील की याला गॅरेजसारखी चकाकी येत नाही. येत नाही, कबूल. पण दवाखान्यातली काळी अँबॅसिडर याच रंगांनी, सहा पातळ हात देऊन झालेली आहे आणि बघणारा प्रत्येक जण तिला हात लावून पाहतो.

फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या द्रव्याविषयी थोडक्यात. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेले तर पापण्या जबरीने उघडू नका, भरपूर पाणी आणि मग डॉक्टर. सांडले तर सुती चिंधीने किंवा कापसाने पुसू नका. कापसाशी त्याची अशी क्रिया होते की एकदम उष्णता निर्माण होऊन चटका बसतो, प्रसंगी धूरही निघतो. आणि कटरने बोट कापले की त्यावर हेच लावण्याची जी रीत मुलांत पडली आहे ती सोडावी. याच कुळातले औषधी द्रव्य शल्यचिकित्सक जखम चिकटवायला वापरतात, अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली, पण ते वेगळे बनवलेले आणि निर्जंतुक असते. जखम धुवा, दाबून धरा, धनुर्वाताची सुई केव्हा झाली होती ते आठवा.

आता सर्वात छोटी आणि मला सर्वात जास्त धास्ती वाटते ती वस्तू. गाडीचे दिवे लावायला जो चपटा, नाण्यासारखा बटण सेल लागतो तो. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर तो कुलपात ठेवा. वापरलेला, संपलेला सेलसुद्धा. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर विजेच्या प्रवाहाने तिथे क्षार तयार होऊन दोन तासांच्या आत भाजून खोल इजा होऊ शकते. मूल रडेलच असे नाही. नुसती लाळ गळणे, खायला नकार, खोकला, एवढेच दिसते. 'शौचातून पडेल, केळे द्या' हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच घडीला निघा. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो. इजेचा वेग त्याने कमी होतो. पण मधासाठी गाडी थांबवू नका.

डोळे आणि मान यांविषयी फार सांगायचे नाही. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लावून काम करावे, डोळे फाडून नव्हे. रिव्हेट पोखरताना धातूचा कण उडतो, तेव्हा गॉगल. जुन्या काळच्या मुनीमजींचा उतरता मेज कोणाच्या घरी पडून असेल तर या कामाला त्याहून चांगले काही नाही. मुलांनी रोज बाहेर उन्हातही खेळावे, म्हणजे नजरेला जवळचेच पाहायची सवय लागत नाही.

एका वस्तूला मात्र मी घरात सरळ मनाई करतो. ज्या रंगाबरोबर किंवा क्लिअरबरोबर हार्डनरची वेगळी बाटली येते, तो रंग. गॅरेजवाले त्याला टू-के म्हणतात आणि काचेसारखी चकाकी येते म्हणून मुले तो ओळखीच्या पेंटरकडून पेल्यात मागून आणतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते एकदा फुफ्फुसाला बाधले की दमा जडतो, आणि पुढे त्याचा अंशमात्र वारासुद्धा सोसत नाही.

हे सांगताना मला त्या पेंटरचीच आठवण होते. मुलगा महिन्यातून एकदा पेलाभर आणतो, पेंटर दिवसभर तेच फवारत असतो, तोंडाला रुमाल बांधून. आमच्या स्टँडमागच्या गॅरेजांतले विशी-पंचविशीतले तिघेजण माझ्याकडे दम्याच्या पंपावर आहेत. मी त्यांना एकच गोष्ट विचारतो, सुटीच्या दिवशी कसे असते? रविवारी बरे वाटते, सोमवारी संध्याकाळी पुन्हा छाती भरते, असे उत्तर आले की मला फारसे तपासावे लागत नाही. मालकांनी त्यांना रुमालाऐवजी, बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा द्यावा, आणि तो येईपर्यंत फवारणी शटर पूर्ण उघडून करावी. ज्या कोणा वाचकाची गाडी या आठवड्यात रंगायला जाणार असेल, त्याने पैसे देताना पेंटरला हा रविवार-सोमवारचा प्रश्न विचारावा, आणि उत्तर तसेच आले तर त्याला दवाखान्यात पाठवून द्यावे.